किशोरी मुलींच्या आहाराचं काम नव्याने सुरू करताय? आधी तिच्या बसचा टाइम विचारा

विदर्भातल्या गावात मुलींसोबत आहारावर काम सुरू करायचं म्हटलं की नव्या ताया पहिल्याच मीटिंगला चौरस आहाराचा रंगीत तक्ता घेऊन जातात. तक्त्यात सफरचंद असतं, चीज असतं, कधीकधी ब्रोकोली पण असते, आणि समोर बसलेल्या पोरी सकाळी कोरा चहा पिऊन आलेल्या असतात. त्या मान डोलावतात, "हो ताई" म्हणतात, आणि घरी जाऊन जे कालपर्यंत खात होत्या तेच खातात. मुलींना कळत नाही असं अजिबात नाही, पालेभाजी चांगली असते हे चौथीतली पोरगी पण सांगते. खरी अडचण बऱ्याचदा वेळेची असते, ती कधी खाते, कोणाच्या नंतर खाते, आणि दोन खाण्यांच्या मध्ये किती तास उपाशी राहते ही. म्हणून हा लेख त्या हिशोबानेच लिहिलाय. अंगणवाडीत नवीन लागलेली सेविका, आशाताई, एखाद्या संस्थेची कार्यकर्ती, गावातली साथिया (मुलींमधूनच निवडलेली आरोग्य-मैत्रीण) किंवा हायस्कूलची नवीन मॅडम, कोणीही असाल तरी सुरुवात जवळपास अशीच करता येते.

आकडा एकच लक्षात ठेवा, बाकी पाठ करायची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात ते ५४.१ होतं, म्हणजे वाढलं.

पायरी १ : कालचा दिवस लिहून घ्या

पहिल्या मीटिंगला काहीच शिकवू नका. वही-पेन द्या आणि म्हणा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात जे जे गेलं ते वेळेसकट लिहा, चहा पण, चिंच पण, पाच रुपयाचा पोंग्याचा पुडा पण. नाव लिहू नका म्हणावं, म्हणजे खरं लिहितात. उपवास असला तर तो पण लिहायचा.

हे कागद वाचले की तुम्हाला गाव दिसतं. मानव विकास योजनेतली शाळकरी मुलींची निळी बस धरून तालुक्याच्या शाळेत जाणारी पोरगी सकाळी साडेसहाला चहा-टोस खाते, टिफिन नेत नाही कारण आईला वावरात जायची घाई असते किंवा मैत्रिणीसमोर भाकरीचा डब्बा उघडायची लाज वाटते, दुपारी शाळेसमोरचा समोसा नाहीतर काहीच नाही, आणि परत घरी यायला तीन-साडेतीन वाजतात. तेव्हा घरात सकाळचा भात असतो. मग थेट रात्री, आणि रात्री आधी बाबा, भाऊ, आजोबा, नंतर ती आणि आई, तोवर भाजी तळाला गेलेली असते आणि वरणात फक्त पाणी उरतं. सोयाबीन काढणी नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसात तर ती स्वतःच स्वयंपाक करून, लहान भावंडांना खाऊ घालून शाळेत पळते.

इथे अजून एक गोष्ट लक्षात येईल. शाळेतलं पोषण आहाराचं जेवण आठवीपर्यंतच असतं. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात रोजचे १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ धरलेली असते, म्हणजे एक वेळचं पक्कं जेवण. नववीत गेली की ते बंद, आणि पाळी सुरू होऊन रक्त जायला लागलेलं असतं, उंची-वजन वाढत असतं, नेमकी तेव्हाच तिची थाळी कमी होते. त्यामुळे गटात नववी-दहावीच्या मुली असतील तर त्यांच्याकडे आधी बघा.

पायरी २ : सकाळचं भोक बुजवा

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, पहिल्या महिन्यात फक्त सकाळ. एवढंच झालं तरी खूप झालं.

आई म्हणणार, "तिले सकायी काईच जात नाही जी ताई." खरंच जात नसेल, कारण उठल्या उठल्या चहा पोटात गेला की भूक मरते. मग बसून खायचं काही सांगू नका, हातात धरून चालता चालता खाता येईल असं सांगा. आमच्याकडे चालतात अशा गोष्टी म्हणजे रात्रीच्या पोळीत शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी आणि थोडं तेल घालून केलेली गुंडाळी, खिशात मूठभर फुटाणे आणि गूळ, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं (घरी चालत असेल तर), बेसनाचं धिरडं. तेल-तिखट-पोळी तर पोरी तशाही खातात, त्यातल्या तिखटात शेंगदाण्याचा कूट घाला म्हणावं, कोणाला शिकवल्यासारखं पण वाटत नाही.

टिफिनची लाज हा वेगळा विषय आहे आणि तो तुम्ही भाषणाने सोडवू शकत नाही. चार-पाच जणींनी ठरवून एकाच दिवशी भाकर-बेसन नेलं की लाज आपोआप जाते. गटाचा हाच खरा फायदा, आहाराची माहिती तर मोबाईलवर पण मिळते.

पायरी ३ : चहा जेवणापासून लांब ढकला

चहा बंद करा म्हणाल तर तुमचंच ऐकणं बंद होईल. विदर्भात चहाशिवाय पाहुणा पण परत जात नाही, तर पोरगी काय ऐकणार. फक्त एवढं सांगा की जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे भाजी-डाळीतलं लोह शरीरात नीट शोषलंच जात नाही. आणि उलट, आंबट काही सोबत असलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कैरी, आणि संत्री तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातली. वरुड-मोर्शीकडे बागेत ढिगाने पडलेली असतात आणि त्याच गावातल्या पोरीच्या ताटात नसतात, हे बघून डोकं फिरतं कधीकधी. मोठ्या फळाचे पैसे मिळतात म्हणून ते विकायचं हे समजतं, पण बारकी, डागी फळं घरात ठेवायला काय जातं.

इथे हमखास प्रश्न येतो बीटचा. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं सगळ्यांनाच वाटतं. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅम पण लोह नसतं, आणि १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लागतं, १६ ते १८ ला ३२. डाळिंबाची तीच गत. बीट खाऊ नका असं नाही, पण साठ-सत्तर रुपये खर्च करून बाजारातून आणायची गरज नाही, त्या पैशात फुटाणे, तीळ आणि बरबटीचे (चवळीचे) दाणे येतात. गुळात थोडं लोह असतं पण आपण खातो त्या खड्यात नावापुरतंच.

पायरी ४ : आता डाळ घट्ट करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा हिशोबाने सांगते. १३ ते १५ च्या मुलीला दिवसाला साधारण ४३ ग्रॅम प्रोटीन लागतं, १६ नंतर ४६. आता तिचा नेहमीचा दिवस धरा, चार पोळ्या (कणीक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास) म्हणजे बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे सात-आठ, वरण घट्ट असेल तर दोन वेळचे मिळून सहा-सात. झाले पंचवीस-अठ्ठावीस. वरण पातळ असलं आणि तिच्या वाटीत वरचं पाणीच आलं तर त्याहून कमी. राहिले पंधरा-अठरा ग्रॅम, ते कुठून आणायचे? मूठभर शेंगदाण्यात सहा-सात, एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात सहा-सात, मूठभर फुटाण्यात पाच-सहा. यातल्या कोणत्याही तीन गोष्टी जोडल्या की भागतं. हा हिशोब मुलींकडूनच करून घ्या, फळ्यावर, त्यांना आवडतो. दहावीच्या पोरी तर लगेच आईला ऐकवायला लागतात.

सोयाबीनचं वेगळं सांगते. अख्खा जिल्हा सोयाबीन पेरतो, शंभर ग्रॅममध्ये पस्तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि घरात एक दाणा शिल्लक ठेवत नाही. कच्चं सोयाबीन दळायचं मात्र नाही, ते पचत नाही आणि पोट बिघडतं, मग त्या घरात पुन्हा कधीच सोयाबीन शिरत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, पाणी फेकायचं, उन्हात कडक वाळवायचं, आणि नऊ किलो गव्हात एक किलो टाकून चक्कीवर द्यायचं. पोळीची चव फारशी बदलत नाही. जास्त टाकलं की वास येतो आणि घरचे ओरडतात, म्हणून नऊ किलोला एकच.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे काम करत असाल तर लाखोळीच्या डाळीचा विषय निघेल. कधीमधी खाल्ली तर ठीक, पण स्वस्त म्हणून महिनोन्‌महिने रोजची मुख्य डाळ तीच असेल तर त्यातल्या विषारी द्रव्याने पाय लुळे पडू शकतात, हे स्पष्ट सांगा. आणि हो, तिकडे भात जास्त, इकडे यवतमाळ-अकोल्याकडे ज्वारी-गहू जास्त, म्हणून एकाच गावाचा सल्ला दुसऱ्या गावात जसाच्या तसा नेऊ नका.

भाज्यांचं काय? सरकारी मार्गदर्शनात अर्धं ताट भाजी-फळांचं सांगतात. मे महिन्यात बिनपाण्याच्या गावात हे वाचून दाखवलं तर बाया हसतील. ऋतू बघून बोला. पावसाळ्यात बांधावर तरोटा (टाकळा), काटवल, अंबाडी, धोप्याची (अळूची) पानं फुकट असतात, तरोटा म्हणजे गरिबाची भाजी म्हणून मुली नाक मुरडतात पण वडीत, धिरड्यात घातला की खातात. हिवाळ्यात तर चंगळच, तुरीचे सोले, पोपटाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, बोरं, आवळे. तेव्हाच हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवायची, मुंगवड्या घालायच्या, म्हणजे उन्हाळ्यात भाजी नाही तरी ताट रिकामं राहत नाही. उन्हाळ्यात मोड आलेली मटकी, बरबटी, वर कैरी किसून. मोड आणल्याने त्यातलं लोह शरीराला घ्यायला सोपं जातं, म्हणून मोड आणा म्हणतो आपण, फॅशन म्हणून नाही.

पायरी ५ : आजीकडे जा

पोरीला पटवून काही होत नाही, कारण तिचं ताट ती वाढत नाही. घरी जा, शक्यतो दुपारी, आजी एकटी असते तेव्हा. जाऊन लेक्चर देऊ नका. आधी विचारा, तुमच्या वेळेस काय खायचे. आजी आंबील सांगते, ज्वारीच्या कण्या सांगते, ताक, मोहाची भाकर सांगते, आणि तुम्हाला अर्धी यादी तिथेच मिळते.

मग हळूच अंड्याचा विषय. "अंडं उष्ण असते माय, पोरगी लवकर वयात येते," हे ऐकायला मिळेलच. पाळीत दही-ताक नको, आंबट नको, पपई नको, हे पण. भांडायचं नाही. अंड्याने पाळी लवकर येत नाही, आणि पाळीच्या दिवसात रक्त जातं तेव्हा तर खायला जास्त लागतं, उलट तेव्हाच आपण कमी देतो, इतकं शांतपणे सांगा आणि सोडून द्या. दुसऱ्या चकरेला पुन्हा. माळकरी घर असेल तर अंड्याचं नावच काढू नका, दूध-ताक, फुटाणे, तीळ, पाटवडी यावर बोला.

आणि भाऊ आधी, पोरगी नंतर, यावर? सरळ "भेदभाव" हा शब्द टाकला की दार बंद होतं. मी सांगते की स्वयंपाक झाला की सगळ्यांच्या वाट्या एकदमच भरून ठेवा, घट्ट वरण तळापासून ढवळून. मग कोणी कधीही जेवो. हे आजीला पण चालतं, कारण त्यात तिचाही वाटा निघतो.

पायरी ६ : निळी गोळी, जंताची गोळी, आणि रक्ताची तपासणी

नुसत्या खाण्याने कमी झालेलं रक्त लवकर भरून येत नाही, म्हणून १० ते १९ वयाच्या मुलींना शाळेत नाहीतर अंगणवाडीत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जंताची अल्बेंडाझोल गोळी वर्षातून दोनदा.

गोळी घेऊन मुली दप्तरात नाहीतर खिडकीबाहेर टाकतात, हे मान्य करूनच चाला. कारण विचारलं तर मळमळते, पोटात दुखते. बऱ्याचदा ती रिकाम्या पोटी घेतलेली असते. गोळीचा दिवस बहुतेक सोमवार, आणि कित्येक पोरींना सोमवारचा उपवास! मग सरांना सांगून त्या मुलींची गोळी मंगळवारी करून घ्या, नाहीतर फराळ झाल्यावर द्या. जेवणानंतर, पाण्यासोबत, चहा-दुधासोबत नाही. शौचाला काळी होते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर एक पोरगी घाबरते आणि सगळ्या वर्गाची गोळी बंद होते.

उपवासाचं म्हणाल तर साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, प्रोटीन जवळपास नाहीच. उपवास सोडा म्हणू नका, उसळीत शेंगदाणे दुप्पट, सोबत दही, नाहीतर भगर आणि राजगिऱ्याचा लाडू. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या पोरींवर मात्र लक्ष ठेवा.

रक्त तपासणी उपकेंद्रात नाहीतर गावातल्या आरोग्य व पोषण दिनाला करून घ्या. १२ आणि त्यावरच्या वयात हिमोग्लोबिन १२ ग्रॅम पाहिजे. ११ ते ११.९ थोडं कमी, ८ ते १०.९ मध्यम, आणि ८ च्या खाली असेल तर पालक-डाळ सांगत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा. आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे नाहीत, वजन पण नाही, पोरी त्यानंतर मीटिंगलाच येत नाहीत.

विदर्भात अजून एक गोष्ट विसरून चालत नाही, सिकलसेल हा रक्ताचा आजार. आपला पट्टा त्याचा आहे, आणि तो आजार आईबापाकडून येतो, खाण्याने होत नाही आणि खाण्याने जात पण नाही. साध्या रक्तपेशी १२० दिवस टिकतात, सिकलसेलच्या आजारात दहा-वीस दिवसात तुटतात, मग रक्त सारखं कमीच. पोरगी वारंवार सांधे दुखतात म्हणते, डोळे पिवळे दिसतात, गोळ्या घेऊन पण हिमोग्लोबिन हलत नाही, अशी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करायला लावा. आजार निघाला तर लोहाची गोळी डॉक्टरला विचारूनच. नुसती वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेली) असेल तर तिला सहसा काही त्रास नसतो, उगाच घाबरवू नका, आणि तिचं नाव गावात फुटू देऊ नका, लग्नाच्या वेळेस त्याचा फार त्रास होतो पोरीला.

पाळी, वजन, चेहऱ्यावरचे पुरळ असे प्रश्न ज्या तुमच्यासमोर विचारत नाहीत त्यांना ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकचं सांगा. आणि गडचिरोली किंवा वाशिम जिल्ह्यात असाल तर अंगणवाडीत विचारा, केंद्राच्या पोषण २.० मध्ये १४ ते १८ च्या मुलींसाठीची योजना आकांक्षित (मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांना आहे आणि विदर्भातले हे दोन त्यात येतात.

पायरी ७ : पुडे आणि रील

पाच-दहा रुपयाचे पुडे बंद होणार नाहीत. रोज दहा रुपये धरले तर महिन्याला तीनशे होतात, तीनशेत किती शेंगदाणे आणि किती अंडी येतात हे त्यांनाच मोजायला लावा, बास. दुसरीकडे रील बघून "मी जाडी आहे" म्हणत रात्रीचं जेवण सोडणाऱ्या पोरी पण आता गावात आहेत, त्यांना टोमणे मारू नका.

यावर सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे भरती. प्रत्येक गावात दोन-चार पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे रोडवर धावतात. ८०० मीटरला दम लागतो तो बऱ्याचदा रक्त कमी असल्याने, कारण हिमोग्लोबिनच ऑक्सिजन वाहून नेतं. अशी एखादी पोरगी गटात आणा आणि तिला विचारा तू धावून आल्यावर काय खाते. ती भिजवलेले चणे आणि केळं म्हणाली की पुढच्या आठवड्यात अर्ध्या गटाच्या घरी चणे भिजलेले असतात, तुमच्या तक्त्याने हे होत नाही.

पायरी ८ : तीन महिन्यांनी परत तोच कागद

तीन महिने झाले की पुन्हा कालचा दिवस लिहायला द्या, तसाच बिननावाचा. आधीच्या ढिगाशेजारी ठेवून फक्त तीन गोष्टी मोजा, सकाळी चहाशिवाय काही खाल्लं का, दिवसातून डाळ-शेंगदाणे-अंडं-दूध यातलं किती वेळा आलं, आणि जेवणाला लागून चहा आहे का. ज्या महिन्यात मोजता तो महिना वर लिहा, कारण हिवाळ्याचा कागद नेहमीच चांगला दिसतो आणि कापूस वेचणीचा वाईट. ज्यांचं रक्त कमी निघालं होतं त्यांची तपासणी पण याच सुमारास परत. खाणं सुधारलंय, गोळी पण नियमित आहे, तरी आकडा तिथेच असेल तर पाळीत रक्त जास्त जातं का हे एकटीत विचारा, जंताची गोळी कधी घेतली ते बघा, सिकलसेल तपासलंय का ते बघा, आणि मग तिला घेऊन स्वतः आरोग्य केंद्रात जा, नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं की बस चुकते, वावराचं काम निघतं, आणि ते राहूनच जातं.